चाळीस नंबरचा माणूस

२ जानेवारी

आणि दुसरी गोष्ट, दादा म्हणतो ते अर्धंच खरं आहे. माझं बूड एका जागी टिकत नाही, कबूल. पण गॅरेज सोडलं ते मालक हात उचलायचा म्हणून, आणि दुकान मी सोडलंच नाही, दुकानच बंद पडलं. तरी निघताना वहिनीसमोर म्हणाला, महिन्याभरात शेपूट घालून परत येशील, तुझं अंथरूण गुंडाळून ठेवत नाही. आई खाली मान घालून भाकऱ्या बांधत राहिली. तेच जास्त लागलं.

म्हणून ही वही. टिकलो की नाही ते तारखेनिशी दाखवीन.

दोन दिवसांचा प्रवास करून पोचलो आणि आल्या आल्या नशीब फळफळलं. आलो होतो दगडाच्या भुकटीच्या कारखान्यात पोती उचलायला. फाटकाबाहेर टेबल टाकून एक ताई बसलेली. विद्यापीठात शिकते, मोठी पदवी घेणार. भुकटीत काम करणाऱ्यांच्या छातीचं काय होतं, हा तिचा अभ्यास. खोल्याखोल्यांतून फिरून फॉर्म भरणारा माणूस तिला हवा होता. सातवी पास चालेल म्हणाली. परीक्षेला बसलो होतो एवढं खरं, म्हणून हो म्हटलं. चाळीस माणसं, बारा आठवडे, दर फॉर्मला पंधरा, पैसे शेवटी एकदम. बराकीतलं राहणं-जेवण ती भरणार.

खाट मिळाली चाळीस नंबरची. आधीचा माणूस काम सोडून गेला. गादीत त्याच्या पाठीचा खळगा तसाच आहे, पण मला बरोबर बसतो.

७ जानेवारी

पहिला आठवडा झाला. एकतीस प्रश्न. खोकला आहे का, किती दिवस, वजन उतरलं का, हातापायाला बधिरपणा. शेवटी नळीत फुंकायचं आणि काटा कुठवर गेला ते लिहायचं. फॉर्मवर नाव नाही, नुसता खाटेचा नंबर. कोणाची ओळख बाहेर फुटू नये म्हणून, असं ताईनं समजावलं.

सगळ्यांच्या भुवया पांढऱ्या. शेजारच्या खाटेवरचा लंबू म्हणाला, इथं माणूस विशीतच आजोबा होतो, नातवंडं तेवढी राहून जातात. लंबू दिवसभर शीळ घालतो. त्याचा काटा साडेचारशेला. बराकीतल्या आचाऱ्यानं फुंकायच्या आधी विचारलं, फुंकून झाल्यावर औषध मिळेल का. ताई म्हणाली, औषध नाही, पण तुमची माहिती फार मोलाची आहे. आचारी म्हणाला, मग तीच द्या दोन चमचे.

ताई आम्हाला जोखमीचा गट म्हणते. वाईट नाही ती. येताना बिस्किटं आणते.

२१ जानेवारी

पाय तुटले. एक पाळी कामावर, दुसरी झोपलेली. झोपलेल्याला उठवून खोकला आहे का विचारलं की तो माझ्या खानदानाची चौकशी करतो. म्हणून या वेळी अर्धे फॉर्म चहाच्या टपरीवर बसून मनानंच भरले. कोण बघतंय. सगळे नुसते ‘नाही, नाही’ लिहिले तर संशय येईल म्हणून थोडं तिखटमीठ लावलं. आचाऱ्याला डाव्या हाताची दोन बोटं बधिर. लंबूचा काटा दोनशे दहा.

चाळीसचा प्रश्न होताच. खाटेवर मी, पण यादीत कामगारच लागतो, आणि ताईला आकडा पुरा हवा. मग माणूस बनवला. वय, उंची, घरी कोण, हे सगळं कुठून आणायचं? माझंच टाकलं. एकदा बसलो तर त्याचे बाराच्या बारा फॉर्म मागच्या-पुढच्या तारखा घालून भरून टाकले. सातव्या आठवड्यात खोकला, नवव्यात वजन चार किलो कमी, दहाव्यात थुंकीत रक्त. गावी जाणार का? नाही. बाराव्यात ‘मयत’च्या चौकोनात फुली. मेलेल्याला पुढं कोण प्रश्न विचारणार? सुटलो.

५ फेब्रुवारी

ताई खूश. माझे फॉर्म सगळ्यांत भरलेले म्हणाली. आधी सगळे धडधाकट निघत होते, तेव्हा तिच्या सरांनी तोंड वाकडं केलं होतं, यातून काय सिद्ध होणार म्हणून. आता बरं चाललंय. आमचं वाईट झालं की तिचं बरं होतं. असो, तिलाही पोट आहे.

चाळीस नंबरचा फॉर्म तिनं एवढ्यात मागितला नाही. मीही आठवण केली नाही.

११ फेब्रुवारी

आज दुपारी वाढताना आचाऱ्याच्या हातून डाव सुटला. पुन्हा धरला, पुन्हा सुटला. आठ दिवस असंच होतंय म्हणाला. डाव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट, चिमटा काढला तरी कळत नाही. मला हसून म्हणाला, लिही बाबा, तुझे पंधरा वाढव.

मी जेवलो नाही.

१४ फेब्रुवारी

लंबूची शीळ येत नाही. ओठांचा चंबू करतो, नुसती हवा. आज नळी त्याच्या हातात दिली, म्हटलं खेळ म्हणून फुंक. काटा दोनशे दहा. तीनदा फुंकायला लावलं. तीनदा दोनशे दहा.

१८ फेब्रुवारी

काल सगळ्यांचं सगळं चांगलं लिहिलं. खोकला नाही, बधिरपणा नाही, लंबू साडेचारशे. ताईनं गठ्ठा परत केला. मागच्या आठवड्यात आजारी आणि या आठवड्यात बरे, असं होत नसतं म्हणाली. जुळायला हवं. समोर बसवून तिनं मागचे आकडे सांगितले, मी लिहिले.

लिहिताना मला खोकला आला. ताईनं पाणी दिलं.

सातवा आठवडा आहे.

३ मार्च

पोती तोलायच्या काट्यावर उभा राहिलो. आलो तेव्हा अठ्ठावन्न. आज चौपन्न.

चाळीसचे फॉर्म फाडायला गादी उचलली. गादीखाली नाहीत. पेटीत नाहीत. लंबूची पेटीही उपसली, तो खाली बसून एकेक वस्तू परत भरत राहिला. हल्ली जिना चढताना दोनदा बसतो तो.

१० मार्च

सकाळी बेसिनमध्ये थुंकलो. लाल.

ताईकडे गेलो, सगळं सांगितलं. टपरी, मनानं भरलेले फॉर्म, सगळं. तिनं दार लावलं आणि कपाटातून बारा फॉर्म काढले. जानेवारीतल्या गठ्ठ्यात माझ्याच हातून तिच्याकडे गेले होते. पुढच्या तारखा तिनं तेव्हाच पाहिल्या होत्या. पाहून कॉम्प्युटरात भरल्या. सर रोज विचारत होते म्हणाली.

म्हटलं, शेवटची फुली तेवढी खोडा. म्हणाली, कॉम्प्युटरातल्या आकड्यांना आता कुलूप लागलंय, बदलता येत नाही. आणि तो एकच मृत्यू आहे तिच्या अभ्यासात. सरांनी त्याच्यावरच बोट ठेवलंय. तीन वर्षं घातलीत म्हणून रडली. मग डोळे पुसून मला समजावलं, चाळीस नंबर म्हणजे कोणीच नाही ना, मग कोणाचं काय बिघडलं.

मी समोर उभा होतो.

१७ मार्च

गावी निघालो होतो. फाटकापर्यंत गेलो. श्वास पुरला नाही. पेटी लंबूनं परत आणली, दर दहा पावलांवर थांबत. दोघं मिळून एक माणूस होत नाही, म्हणाला.

गावी जाणार का — नाही. माझंच अक्षर.

२१ मार्च

खळगा खोल झालाय. कूस बदलता येत नाही —

आचारी भरवतो. उजव्या हातानं.

ताई आली नाही. पैसे पाठवले, पाकिटात, पुरते. बाराव्या आठवड्याचेही —

२४ मार्च

दादा, टिकलो बघ. बारा आठवडे. अंथरूण गुंडाळलं तरी चालेल आता.

आईला सांग — नको, तू काही सांगू नकोस.

पाकीट लंबूजवळ. चारशे ऐंशी फॉर्म, सात हजार दोनशे. चाळीस नंबरचे त्यातून काढलेत, एकशे ऐंशी, ते घरात नकोत. बाकीचे मोजून घे. पाठवतोय सात हजार वीस —