शनिवारच्या नेमचाचणीत आजोबांची चव्वेचाळीस चालावी म्हणून

प्रति,
मा. छावणी सुरक्षा अधिकारी,
सामन मासे गणती कार्यालय,
कोडियाक बेट, अलास्का.

विषय : चव्वेचाळीस मॅग्नम रिव्हॉल्वरने चाचणी देऊ देण्याबाबत (अर्ज चौथा).
संदर्भ : आपले दि. १, ५ व ९ मेचे नकार. तिन्ही एकाच कागदाच्या प्रती आहेत.

महोदय,

आपण स्वतः पाचशेची, म्हणजे अर्ध्या इंची गोळीची, रिव्हॉल्वर कधी झाडली आहे का, आणि झाडली असल्यास त्या क्षणी आपले डोळे उघडे होते का? हा प्रश्न अर्जात घालून दाखव, अशी पैज वर्गातल्या मैत्रिणींनी लावली होती. घातला. उद्धटपणाबद्दल क्षमस्व, परंतु उत्तर मला खरोखरच हवे आहे.

१. मी मार्फा शांगिन, वय अठरा (मार्चपासून). जूनमध्ये तिखोन नदीवरील छावणीसाठी माझी व केलीन रीडची जोडी ठरली आहे. एकीने पाण्यात मान घालून मासे मोजायचे, दुसरीने तिच्या पाठीशी अस्वलावर नजर ठेवून उभे राहायचे. केलीनचा आकडा चुकत नाही आणि माझा नेम चुकत नाही, म्हणून उभी मी राहणार.

२. नियमानुसार पहाऱ्याच्या रिव्हॉल्वरच्या गोळीची जाडी इंचाच्या चव्वेचाळीस शतांशांहून कमी नसावी. आजोबांची चव्वेचाळीस मी घेऊन आले, तेव्हा आपले लिपिक श्री. हॉलिस यांनी गोळी मापात धरली. ती त्रेचाळीसही भरली नाही. ती कुणाचीच भरत नाही, महोदय. नाव चव्वेचाळीस असले तरी ती पहिल्यापासून तेवढीच आहे. ते म्हणाले, "पोरी, नावाला काय करू? कागदावर माप मागितलंय." उलट जुने पंचेचाळीस कोल्ट काडतूस जाडीत बसते म्हणून चालते. साध्या भरणीत त्याचा जोर माझ्या चव्वेचाळीसच्या निम्माही नाही.

३. मग बाबांनी शेजाऱ्यांकडून मापात बसणारी, पण फार जोराची चारशे चोपन्न कसूल रिव्हॉल्वर आणली. पूर्ण जोराच्या पाच काडतुसांपैकी माझे एक लागले, तेही पुठ्ठ्याच्या अस्वलाच्या कानाला. दुसऱ्या गोळीपासून मनगट आधीच दचकते आणि डोळे आपोआप मिटतात. चव्वेचाळीसने सहांत सहा लागतात. बाबांकडे पाचशेची आहे. गेल्या वर्षी ती उसळून त्यांच्याच कपाळावर बसली. आई अजून विचारते, "अस्वलाचं काय झालं ते सांगू नका, टाके किती पडले ते सांगा!"

४. कसूलमध्ये पंचेचाळीस कोल्टची मऊ, म्हणजे कमी जोराची, काडतुसेही बसतात. त्यांनी माझे पाचही लागले. बाबा म्हणाले, "तीच घाल शनिवारी. सगळे तेच करतात. पास झालीस की जड भर." श्री. हॉलिस यांनीही डोळा मारून तेच सुचवले. म्हणजे चाचणीत जे लागते ते नदीवर न्यायचे नाही, आणि नदीवर जे न्यायचे ते मला लागत नाही. हे मी तीनदा लिहिले. तिन्ही वेळा तोच कागद आला. आता आणखी कसे लिहावे ते मला सुचत नाही.

तरी शनिवारपूर्वी नियमात 'चव्वेचाळीस मॅग्नम चालेल' एवढे तीन शब्द घालावेत, ही कळकळीची विनंती. ते आपल्या हाती नसेल, तर कुणाच्या हाती आहे तेवढे तरी कळवावे.

आपल्या चौथ्या कागदाची वाट पाहणारी,
मार्फा शांगिन
दि. १३ मे

सोबत : पुठ्ठ्याची अस्वले तीन (चव्वेचाळीस, कसूल जड, कसूल मऊ). भोके मोजून पाहावीत.

प्रत : आई व बाबा, फ्रिजचे दार.
उत्तर आलं नाही तर शनिवारी मी कसूलमध्ये जडच काडतुसं घालणार आहे. बहुतेक नापास होईन. मग उन्हाळाभर घरी तुमच्याबरोबर माशांना धुरी देईन आणि केलीनला दुसरी जोडीदार मिळेल. बाबा, समजावू नका. केलीन मोजायला लागली की मागं वळून बघत नाही.