वादळ शमल्यावर आईंना

प्रिय आई,

शाळेतल्या निवाऱ्यातून तुम्ही सुखरूप घरी आलात, छपराचे दोनच पत्रे उडाले, असं शेजारच्या शिंपीणकाकूंनी कळवलं. तेव्हा कुठे जिवात जीव आला.

'सून हवामान खात्यात, आणि भिजून घरी यायची तीच!' असं तुम्ही सगळ्यांना हसत सांगता. या वेळी मात्र मी आठवडाभर उपग्रहाच्या चित्रांना डोळे लावून बसले होते. आधी नुसता ढगांचा पुंजका. खाली समुद्र तापलेला. त्याची वाफ वर चढायची, ढग होताना ऊब सोडायची, त्यानं हवा आणखी वर जायची आणि खाली चहूकडून वारे धावायचे. पृथ्वीच्या फिरण्यानं त्यांना पीळ पडत गेला. चौथ्या दिवशी सकाळी मधोमध डोळा दिसला, तशी मी तुम्हाला फोन केला. तुम्ही म्हणालात, 'गेल्या खेपेला तुझं वादळ आलंच नाही, उगाच आमची धावपळ.' खरंच, ते समुद्रातच विरलं होतं. तरी मी आयुष्यात पहिल्यांदा तुमच्यावर ओरडले. तुम्ही फोन ठेवलात, आणि तासाभरात अख्ख्या गल्लीला घेऊन निघालात.

निवाऱ्यातून तुम्ही विचारलंत, 'हे थांबणार कधी गं?' मी म्हटलं, जमिनीवर आलं की समुद्राची वाफ मिळेनाशी होते, मग जोर सरतो; पाऊस तेवढा दोन दिवस राहील. त्यावर तुम्ही लगेच, 'जेवलीस का?' तुमचा मुलगा जाऊन चार वर्षं झाली, पण हा प्रश्न एक दिवस चुकला नाही.

त्या दिवशी मी जेवले होते, आई. आमच्याकडे रडार सांभाळणारा जो आहे, त्यानं स्वतःचा डबा माझ्यापुढे सरकवला होता. त्याच्याबद्दल दोनदा तुम्हाला सांगायला आले आणि दोन्ही वेळा हवापाण्याचं बोलून परतले. भिंतीवरच्या फोटोसमोर जीभच रेटेना.

आम्ही लग्न करायचं ठरवलंय. काकूंकडून कानावर जाण्याआधी माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. फोनवर तुम्ही गप्प झाला असतात, तर पुढचं विचारायचा धीर झाला नसता. रागवा, हवं तर महिनाभर बोलू नका. पण त्यानंतर फोन केला, तर 'आई' म्हटलेलं चालेल ना?

तुमचीच,
सूनबाई