इंजिन चालू होऊ द्यायचं नाही

३० मार्च २०२५, रविवार. पाडवा.
गाडी आली. हायब्रिड. पांढरी. हिनं ओवाळलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. शेजारच्यांनी पेढे खाल्ले. मला विशेष काही वाटलं नाही. रिटायर झाल्यापासून तसं विशेष काही वाटतच नाही. तब्येत उत्तम असल्याचं लक्षण असावं.
शोरूमवाल्यानं समजावून सांगितलं. सुटताना मोटर ओढते. वेग धरला की इंजिन येतं. ओव्हरटेक करताना दोघं मिळून जोर लावतात. ब्रेक दाबला की चाकंच मोटरला फिरवतात, मग ती वीज तयार करून बॅटरीत भरते. कुणी किती ओढायचं ते गाडी ठरवते साहेब, तुम्ही फक्त चालवा, म्हणाला.
मी हसलो. वीज खात्यात चौतीस वर्षं काढली. हर्सूलची लाईट किती वाजता घालवायची आणि देवगाव रंगारीची किती वाजता सोडायची, हे लोडशेडिंगचं वेळापत्रक माझ्या टेबलावर बनायचं. आणि गाडी ठरवणार!
संकल्प: इंजिन चालू होऊ द्यायचं नाही. मोटर आपल्या खात्यातली. इंजिन परकं.

१ एप्रिल, मंगळवार.
हिला गाडीत बसवून स्क्रीन दाखवला. बॅटरीकडून चाकाकडे निळा बाण, म्हणजे मोटर ओढतेय. इंजिनाकडून नारिंगी बाण, म्हणजे पेट्रोल जळतंय. हिरवा दिवा लागला की इंजिन पूर्ण बंद. हिनं सगळं ऐकलं आणि विचारलं, मग वैजापूरला कधी जायचं?
वैजापूरला हिची थोरली बहीण, मनकर्णाबाई. आई गेल्यावर हिला तिनंच वाढवलं. यंदा कुरडया घालायला ये म्हणतेय. आताशा चक्कर येते, एकटीनं चीक हाटवत नाही. फोनवर दोघी रोज बोलतात, तरी हिचं मन भरत नाही.
म्हणालो, आधी गाडीला सवय लागू दे. जाऊ.

४ एप्रिल, शुक्रवार. सायंकाळ.
पहिली चाचणी. घर ते क्रांती चौक. वीसच्या वर गेलो नाही. दिल्ली गेटपर्यंत हिरवा दिवा अखंड. मागं हॉर्न वाजत होते. संभाजीनगरला शिस्त नाही. एक रिक्षावाला खिडकीशी येऊन काहीतरी म्हणाला. माझं लक्ष इंजिनाकडे होतं, त्यामुळं ऐकू आलं नाही. हिला आलं. ती सांगत नाही.
पुढं बॅटरी उतरली आणि सिग्नलला गाडी उभी असताना इंजिन आपणहून सुरू झालं. उभ्या गाडीत बॅटरी भरत बसलं. नोंद केली.
ॲव्हरेज १६.२. कंपनी सत्तावीस म्हणते. स्क्रीन नवीन आहे, शिकेल.

९ एप्रिल, बुधवार.
शोध: एसी लावला की इंजिन लवकर जागं होतं. आजपासून एसी बंद.
पारा एक्केचाळीस. ही डोक्यावर ओला रुमाल ठेवून बसली होती. टी.व्ही. सेंटरला म्हणाली, थांबवा जरा. उतरली आणि रिक्षात बसली. मला वाटलं भाजी घ्यायचीय. घरी पोचलो तेव्हा हिचा चहा पिऊन झालेला, कप विसळून पालथा घातलेला.
ॲव्हरेज १७.१. सुधारणा स्पष्ट आहे.

१३ एप्रिल, रविवार.
आज वैजापूरला निघायचं होतं. रद्द. निघताना बॅटरी भरलेली हवी, ती अर्धीच होती. उतार कुठं, चढ कुठं, याचाही अभ्यास नाही. हिला सांगितलं, नियोजनाशिवाय निघणं म्हणजे पेट्रोल जाळणं. हिनं भरलेली पिशवी उघडून साड्या परत कपाटात ठेवल्या.
सायंकाळी गयास आला. आमच्याच ऑफिसात अकाउंटला होता, आता दोन घरं सोडून राहतो. म्हणाला, काकासाब, परसों आपको देखा. गाडी चला रए थे के बरात में जा रए थे? मी त्याला पॉवर कशी वाटली जाते ते पहिल्यापासून समजावलं. तो म्हणाला, तो फिर उसकू बाँटने दो ना, आप काहेकू बीच में पड रए?
हिशोबाच्या माणसाला तांत्रिक गोष्टी समजत नाहीत.
गयासची सून वहिदा बायकांचा ड्रायव्हिंग क्लास चालवते. ही म्हणाली, मी शिकू का? म्हणालो, शीक की. चार दिवसांत सोडेल. ती साधी गाडी. आपली चालवायला डोकं लागतं.

२० एप्रिल, रविवार.
वैजापूर पुन्हा रद्द. पश्चिमेचा वारा होता. वैजापूर पश्चिमेला. समोरून वारा म्हणजे इंजिन हमखास येणार.
आतल्या खोलीत ही फोनवर बोलताना ऐकू आली. ताई, गहू आंबले असतील गं, नको थांबूस माह्यासाठी. सायंकाळी कळलं, मनकर्णाबाईंनी एकट्यानंच कुरडया घातल्या. म्हणजे काम अडलं नाही. चांगलं झालं.
क्लास चालू आहे. हिनं लर्निंग लायसन्सही काढलं. सोडेल.

२६ एप्रिल, शनिवार.
नवे नियम. एक, गाडीत मोबाईल चार्ज करायचा नाही, ती बॅटरीतून चोरी आहे. दोन, प्रवासात माझा फोन सायलेंट, म्हणजे इंजिन सुरू झाल्याचा बारीक आवाज निसटणार नाही.
हिला वाचून दाखवले. ही म्हणाली, बरं.
उद्याचं वैजापूर पुढच्या रविवारी. टायरमधली हवा उन्हानं फुगलीय, ती बसू द्यावी लागेल.

४ मे, रविवार. सकाळ, लासूरजवळ, चहाच्या टपरीवर.
निघालो! उजाडताच. समृद्धी महामार्गावर चढलो नाही, तिथल्या वेगात इंजिन झोपत नाही. जुना रस्ता, चाळीसचा वेग. ही मागून येणाऱ्या गाड्यांकडे बघते. तिचा फोन रात्री चार्जिंगला लावायचा राहिला, वाटेत बंद पडला. गाडीत लावू का, म्हणाली. नियमाची आठवण करून दिली.
मघाशी समोरून ॲम्ब्युलन्स आली, सायरन वाजवत. मी शिस्तीत ब्रेक दाबून बाजूला घेतली. ब्रेकसरशी बाण उलटा फिरून बॅटरीत शिरला. हिला दाखवलं. ही हात जोडून बसली होती. कुणाची का असंना, सुखरूप पोचू दे, म्हणाली.
ॲव्हरेज २४.६. आजवरचं सर्वांत उत्तम. आज बरं वाटतंय, बहुतेक.

त्याच दिवशी. रात्र. हॉस्पिटल.
क्रमानं लिहितो.
वैजापूरला पोचलो तर घराला कुलूप. शेजारच्या आशाबाई बाहेर आल्या. म्हणाल्या, अगं द्वारका, तुम्हाला वाटेत नाय भेटले? मनकर्णाचं उजवं अंग गेलं सकाळीच. वाचा बी गेली. तात्यासाहेब ॲम्ब्युलन्समधी संभाजीनगरलाच घेऊन गेले. किती फोन केले त्यांनी तुमाला.
तात्यासाहेब म्हणजे मनकर्णाबाईंचे यजमान. मी खिशातून फोन काढला. त्यांचे मिस्ड कॉल खालपर्यंत लागलेले होते. हिनं फोनकडे पाहिलं नाही. कुलपाकडे बघत होती. ओट्यावर पांढऱ्या धोतरावर कुरडया पुन्हा उन्हाला घातलेल्या होत्या.
मग म्हणाली, चावी द्या.
म्हणालो, तुझं लर्निंग आहे. म्हणाली, तुम्ही शेजारी बसा. कायद्यानं शेजारी लायसन्सवाला लागतो, म्हणून बसलो. तसं पाहिलं तर गाडी माझ्याच ताब्यात होती.
पहिल्यांदा एसी लावला. स्वतःचा बंद पडलेला फोन चार्जिंगला लावला. मग निघाली. कांद्याचे ट्रॅक्टर, ट्रक, एकेक मागं टाकत गेली. स्क्रीनवर निळा आणि नारिंगी, दोन्ही बाण एकदम चाकाकडे. महिनाभरात हे मी पाहिलं नव्हतं. गाडी अशी धावते हेही माहीत नव्हतं.
म्हणालो, इंजिन आलंय.
म्हणाली, येऊ द्या.
हॉस्पिटलात मनकर्णाबाईंनी हिला ओळखलं. बोलायला गेल्या, नुसता घोगरा आवाज आला. डाव्या हातानं हिच्या बांगड्या धरल्या आणि सोडीनात. नर्स म्हणाली, जास्त माणसं नकोत. मी खाली पार्किंगमध्ये आलो आणि गाडीत बसलो. वर काय चाललंय ते कळत नव्हतं. खाली बरं होतं.
जातानाचं ॲव्हरेज वैजापूरपर्यंत २०.४ वर घसरलं होतं, बॅटरी उतरल्यावर इंजिन सारखं चालू राहिलं म्हणून. येतानाचं २२.९. एसीसकट. हे कसं, ते पाहावं लागेल.

९ मे, शुक्रवार.
मनकर्णाबाई आयसीयूतून बाहेर. ही घरी फक्त अंघोळीला येते. माझा डबा करून ठेवते.
पूर्ण हिशोब मांडला. त्या दिवशी मी साठनं चालवली असती, तरी फार तर ॲम्ब्युलन्स लासूरच्या पुढं भेटली असती. लकवा पोचायच्या आधीच झालेला होता. म्हणजे वेगाचा संबंध नाही. हॉस्पिटलात जाऊन हिला समजावलं. ही बहिणीच्या ओठाचा कोपरा पुसत होती. न बघताच म्हणाली, आणि त्याच्या आधीच्या रविवारी? त्याच्या आधीच्या?
म्हणालो, त्या रविवारी वारा
आणि थांबलो. ही पुढं ऐकायला थांबली होती असंही नाही. पाणी आणायला गेली.
जिन्यात गयास भेटला. कैसा लग रा काकासाब, म्हणाला. ठीक, म्हणालो. त्यानं खांद्यावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. का, ते विचारलं नाही.

१९ मे, सोमवार.
ही आर.टी.ओ.त पहिल्याच खेपेला पास. वहिदा सोबत होती. मला नंतर कळलं.
मनकर्णाबाईंना डिस्चार्ज. वैजापूरला हीच घेऊन गेली. मागच्या सीटवर मनकर्णाबाई आडव्या, पुढं तात्यासाहेब, डिकीत व्हीलचेअर. मला जागा नव्हती. मी गेटपर्यंत चालत गेलो. विचारलं, कधी येशील? म्हणाली, बघू.
म्हणजे आठ दिवस.

२७ मे, मंगळवार.
आठ दिवस झाले. तिथं गडबड असणार.
वेळ सत्कारणी लावला. ही परत आल्यावर घरात कुणी किती काम ओढायचं, त्याचं वेळापत्रक बनवलं. सकाळचा चहा, भाजी, अंथरुणं: मी. स्वयंपाक: ती. गाडी: आलटून पालटून. रंग भरून, फोटो काढून पाठवलं. दोन निळ्या टिका आल्या. उत्तर टाइप करायला वेळ लागतोच.
भात करपला. खाल्ला.

१ जून, रविवार.
उत्तर नाही. तात्यासाहेबांना फोन केला. मनकर्णाबाईंना रोज व्यायामाच्या डॉक्टरकडे न्यावं लागतं, ही नेते. गावातल्या आणखी दोन म्हाताऱ्यांनाही सोबत बसवून नेते. गाडीचं ॲव्हरेज विचारलं. पंचवीसच्या वर जातंय म्हणाले, चष्मा लावून बघितलं.
म्हणालो, हिला द्या. हिला विचारलं, नेमकं काय करतेस तू?
म्हणाली, काय करायचंय? नुसती चालवते.
मागं मनकर्णाबाईंचा आवाज आला. शब्द नव्हता. पण ही म्हणाली, आले गं ताई, आणि फोन ठेवला.
नाही म्हटलं तरी प्रगती आहे. बोलणं झालं.

८ जून, रविवार.
आज जाऊन हिला घेऊन यायचं ठरवलं. परतीचं पूर्ण नियोजन: गाडी ती चालवेल, मी शेजारी बसेन, स्क्रीनकडे बघणार नाही. एसीला हरकत नाही. हे सगळं तिला समोरासमोर सांगायचं. वाटेत पाठ केलं.
एस.टी.नं गेलो. खचाखच भरलेली, लासूरपर्यंत उभा होतो. तरी दोन तासांच्या आत पोचली.
ही ओट्यावर बसून मनकर्णाबाईंच्या उजव्या हाताला तेल चोळत होती. एकेक बोट उघडायची, मिटायची. मनकर्णाबाई आता अर्धा शब्द बोलतात. मला बघून काहीतरी म्हणाल्या. मला कळलं नाही. हिला कळलं, दोघी हसल्या. ही अशी हसलेली बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती.
गाडी अंगणात होती. धुतलेली. मागच्या सीटवर उशी आणि गोधडी.
मी पाठ केलेलं सांगायला सुरुवात केली. हिनं शेवटपर्यंत ऐकलं. मग तेलाचे हात पदराला पुसत उठली. म्हणाली, कुरडईची भाजी केलीय, जेवून घ्या. चारच्या एस.टी.ला गर्दी नसते.
जेवलो. भाजी चांगली होती. तात्यासाहेब फाट्यापर्यंत सोडायला आले.
खरंच गर्दी नव्हती. खिडकीपाशी बसलो. कंडक्टरनं विचारलं, कुठं? मला पटकन सांगता येईना. त्यानं तिकिटाचं मशीन काढलं. मग म्हणाला, काका, शेवटच्या स्टॉपचं देऊ का?
म्हणालो, द्या.