उपरण्यावरचं गंगाजल

मंठाळ, १९८३

चि. नरसिंग यास उरलेसुरले आशीर्वाद.

माझ्या नव्या उपरण्यावर तू गंगाजल सांडलंस, त्याचा प्रथम तीव्र निषेध. माझं हृदय बंद पडलेलं, ॲम्ब्युलन्सचा निंगप्पा घामाघूम होऊन छाती दाबत होता आणि तू, सख्खा भाऊ, माझ्या तोंडात गडू रिता करत होतास! निंगप्पा ओरडला म्हणे, "सरका की अण्णा, कामून बुडवायलाव त्यांना?"

तुझं उत्तर, "दादा गेलाय, मोक्ष तरी मिळू दे!"

त्यानं तुला ढकललं, म्हणून मी परतलो.

आता माझ्या सेवेला राहायला येतोयस, असं कळवलंस. हे पत्र टपालात टाकायचं धाडस होत नाही. पण खरं सांगतो, हृदय पुन्हा थांबेल याची भीती वाटते. तेव्हा निंगप्पा नसेल, जवळ तूच असशील.

तुझा अद्याप जिवंत दादा,
तात्याराव