सुमनकाकूंचा ओठ

सौसर, मंगळवार संध्याकाळ

शेजारच्या सुमनकाकू आजही चित्रासाठी समोर बसल्या, पण फोटोला बसल्यासारख्या ताठ. खालचा ओठ जमेचना. तीनदा पुसला. शेवटी सहज विचारलं, "काकू, जामसांवलीच्या मारुतीला दर शनिवारी कोणासाठी जाता?"

"पोरीसाठी. तिनं मनानं लग्न केलं, मीच म्हटलं, घरात येऊ नको."

ओठ थरथरला. मी तोच रंगवला. बरोबर केलं का? दुखणं विचारून चोरल्यासारखं वाटून राहिलं.

काकूंनी चित्र बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "याचा फोटो पोरीले पाठव. माझा फोन तं घेत नाही ते."

पाठवला. आत्ताच उत्तर आलं, "आई इतकी थकली?"

उठते. मोबाइल काकूंच्या हातात देऊन येते.