तिसऱ्या डब्याचा होकार

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (कागदावरच. खरोखर वाकलो तर उठवायला घरात कोणी नाही.) तुझा गुडघा काय म्हणतो? मी ठणठणीत, म्हणजे नवीन काही दुखत नाही.

पत्रास कारण डबा. ब्लॉकचेन म्हणजे काय हे आमचा चिरंजीव, तुझा लाडका भाचा, मला सहा वर्षं समजावत होता. मला उमगलं ते एवढंच, की वही एकाकडे नाही, सगळ्यांकडे. आणि एकदा पक्कं झालेलं ब्रह्मदेवालाही खोडता येत नाही. ऑफिसात त्याने अशा अवाढव्य वह्या बांधल्या, आणि आपल्यासाठी ही चिमुकली, तीन डब्यांची: एक त्याच्या टेबलावर, एक माझ्या फ्रिजवर, एक त्याने तुझ्याकडे नेऊन लावलेला. तिघांनी ‘हो’ दाबल्याशिवाय नोंद पक्की नाही. मी म्हटलं, दोघं पुरेत की! तर म्हणाला, बाबा, दोघं मिळून तिसऱ्याला खोटं पाडतात, मी पाहिलंय. मी आपला हसलो, मूर्खासारखा. (नोंदी तरी कसल्या, तर ‘बाबांनी गोळी घेतली’. मी न घेताच, न वाचताच ‘हो’ दाबायचो.)

गेल्या वर्षी शोकसभेत त्याचे साहेब म्हणाले, याचं काम कधीच पुसलं जाणार नाही. मी मान डोलावली आणि घरी येऊन फ्रिज पुसला. ओल्या फडक्याने. डबा गार! मग इतके महिने त्याच्याकडे बघवलंच नाही. शेवटी त्याच्या ऑफिसातला शेंडी बांधणारा मित्र तीन रविवार खपला, एकदाही हसला नाही. (एकदा हसला. मी डब्याला स्वेटर घातला होता.) डबा जागा झाला, तर आत त्याची दवाखान्यातून, फोनवरून केलेली एक नोंद आपल्या दोघांच्या ‘हो’साठी अडकलेली:

‘रेडिओ मी पाडला होता, आत्याने नाही. मार बसेल म्हणून बाबांच्या होला हो केलं.’

ताई, त्या रेडिओपायी मी तुला काय काय बोललो! एकोणतीस वर्षं तू माझा उंबरा ओलांडला नाहीस. तो गेला तेव्हाही दारातूनच रडून परत गेलीस. चुकलं गं माझं. मी ‘हो’ दाबलंय, या वेळी वाचून.

तुझा खजील धाकटा

ता. क. तुझा डबा बंद दिसतो. (मिक्सरसाठी प्लग काढलास ना? ओळखतो मी तुला.) तेवढा लाव.

ता. क. दुसरा: थांब, लावू नकोस. तू ‘हो’ म्हटलंस की नोंद पक्की, आणि मग त्याचं या घरात काहीच व्हायचं बाकी उरणार नाही. डबाच घेऊन इकडे ये. दोघं मिळून दाबू. दाबायला आठ-पंधरा दिवस लागले तरी चालतील.