लेटेक्सची गादी आणि ऊन

मी, वय वर्षे एक्क्याऐंशी, धंद्याने गादीवाला, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. वकिलांचा मसुदा मी परत केला. त्यातील पहिले वाक्य दीड पान चालले होते आणि क्रियापद कोठेही सापडले नाही.

१. राहते घर मुलगा व मुलगी यांना समान वाट्याने मिळावे. "ताईचं लग्न झालंय" हा मुद्दा मुलाने पुन्हा काढू नये.

२. पिंजणयंत्र व दाभणे शेजारच्या शिंप्याला द्यावीत. माझी शिडी त्याच्याकडे अकरा वर्षे आहेच. तीही राहू द्यावी.

३. माळ्यावर गुंडाळून ठेवलेल्या लेटेक्सच्या गादीविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे.

पत्नीचे खुब्याचे हाड मोडले आणि माझ्या हातच्या कापसाच्या गादीवर पडून पडून तिच्या पाठीला जखमा झाल्या. मुलीने मला न विचारता ही गादी आणली. रबराच्या चिकाचा फेस. आतल्या बारीक छिद्रांतून हवा खेळते, अंगाचा भार एका जागी साचत नाही. पहिल्याच सकाळी पत्नी म्हणाली, "आज मला पाठ आहे की नाही, तेच कळत नाहीये." जखमा सुकल्या. माझ्या कोणत्याही गादीविषयी ती असे बोलली नव्हती. ते मला लागले.

"बाबा, ही उन्हात टाकायची नसते," मुलगी म्हणाली.

"गादीतलं तू मला शिकवू नकोस," मी म्हणालो.

दर रविवारी पत्नीला खुर्चीत बसवून मी ती गादी गच्चीत उन्हाला टाकली. वर्षभरात ती तडकली, भुगा गळू लागला. मुलीने हलका माल गळ्यात मारला, असे मी साऱ्या नातेवाइकांदेखत बोललो. ती निघून गेली आणि आली ती आई गेल्यावरच.

पत्नी शेवटचे चार महिने पुन्हा माझ्या कापसावर निजली. जखमा परतल्या. कूस बदलवताना एकदा म्हणाली, "असू दे, तुमच्या हातची आहे."

गादीचे माहितीपत्रक नंतर कपाटात सापडले. त्यातील चार चुका मी पहिल्याच दिवशी लाल पेन्सिलीने दुरुस्त केल्या होत्या. "उन्हात ठेवू नये" हे वाक्य निर्दोष होते, म्हणून त्यावर खूण नव्हती.

४. गादी चांगली होती. मुलीचे खरे होते. दोष माझा. हे सांगायला मी तिला दोनदा फोन केला आणि दोन्ही वेळा "जेवलीस का?" एवढेच विचारून ठेवला. म्हणून कलम तीन व चार मुलाने त्याच नातेवाइकांसमोर मोठ्याने वाचावीत. वाचताना एकही शब्द गाळू नये.

स्थळ : राहते घर, मागची खोली
दिनांक : ११ मार्च
सही

साक्षीदार :
१. निवृत्त पोस्टमन, समोरचे घर (सही)
२. घरी येणाऱ्या डॉक्टरीणबाई. पत्नीच्या जखमा दोन्ही वेळा यांनीच पाहिल्या (सही)